भांडं बसलं तर चूल

"अहो, ही घरात बसली तर आपण कुठं बसायचं?" मी विचारलं.

ह्यांचं लक्षच नव्हतं. पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला काढलं होतं आणि आमचे हे दिवाणखान्यातल्या लोखंडी शेगडीपुढं गुडघे टेकून बसले होते. देवळात सुद्धा एवढ्या भक्तीनं कधी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. शेगडी तरी कसली! सिंहाचे चार पंजे, पोटावर द्राक्षांचे घड, डोक्यावर घुमट. उंचीला माझ्या खांद्याला लागत होती.

"विलायती आहे, कुंदा. नातवंडांच्या नातवंडांना पुरेल."

"आपली खोली केवढी आहे?"

"का?"

"काही नाही. आठवतीय का, एवढंच विचारलं."

बंगल्याच्या रखवालदाराला ते धूड एकदाचं घालवायचं होतं. तो पुढं होऊन म्हणाला, "बाई, ही पेटवली ना, की समोरचं पटांगण पण गरम व्हायचं बघा."

"आम्हाला पटांगण गरम करायचं नाहीये," मी म्हटलं. "पोरगी गरम ठेवायचीय."

आमची छबू तेव्हा दीड वर्षाची होती. आदल्या हिवाळ्यात तिची छाती अशी भरली होती की श्वास घेताना बरगड्या आत जायच्या आणि बघणाऱ्याचाच जीव वर यायचा. वाईच्या डॉक्टरांनी तिला वाचवली आणि आम्हाला बजावलं, की पुढच्या थंडीत खोली उबदार राहिली पाहिजे, आणि धूर मुलीच्या नाकाशी जाता कामा नये. सांगायला काय जातंय! वाई खाली घाटाच्या पायथ्याशी. आम्ही वर पठारावर, कारवीवाडीला. तिथं पौषात सकाळी हंड्यात हात घातला की हात आपलाच आहे का ते बघून घ्यावं लागतं.

आम्ही काही केलं नाही असंही नाही. घमेल्यात निखारे भरून ठेवले, तर डॉक्टर माझ्यावर ओरडले. म्हणाले, बंद खोलीत निखारे ठेवाल तर सगळेच एकदम झोपाल, उठवायलाही कुणी उरायचं नाही. मग ह्यांनी विजेची कॉइल आणली. ती लाल झाली की वाडीतले सगळे दिवे पिवळे पडायचे, आणि शेजारीपाजारी अंगणात येऊन आमच्या कुळाचा उद्धार करायचे. शेवटी हे ज्या निवासी शाळेत स्टोअरकीपर होते तिथल्या वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी आलं. नुसत्या शेगड्यांचं. महिनाभर आमच्याकडं दुसरा विषय नाही. खोलीची लांबी, रुंदी, उंची, नळीचा घेर, हवेचं भोक! माझ्या बाळंतपणाला ह्यांनी ह्याच्या निम्मी चौकशी केली असती तरी मी धन्य झाले असते.

आणि एवढा अभ्यास करून माणूस बसला होता घुमटापुढं.

मी आपली मागच्या खोल्यांतून हिंडले. एका अंधाऱ्या खोलीत गोणपाटाखाली ती सापडली. बुटकी, कमरेएवढी, काळी, अंगावर द्राक्ष नाही की डाळिंब नाही. पुढं घट्ट बसणारं दार, मागं नळीला तोंड, वर सपाट माथा.

"ही," मी म्हटलं.

"ही? ही नोकरांच्या खोलीतली असणार."

"मग अगदी आपल्या मापाची आहे."

ह्यांनी टेप काढला, मापं घेतली, पुस्तक उघडलं आणि चेहरा पाडला. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं निघालं, की लहान खोलीत मोठी शेगडी ठेवली तर ती कायम दाबून, धुमसत ठेवावी लागते, आणि धुमसणारी आग नुसता धूर करते, नळी काजळीनं भरते. पेटवायची तर लहान आणि नीट पेटवावी. पुस्तकही बायकोच्या बाजूनं निघालं म्हटल्यावर ह्यांचा नाइलाज झाला. आम्ही बुटकी घेतली. दार बघितलं, पाय बघितले, तडा गेलाय का ते बघितलं. सपाट माथ्याकडं मात्र दोघांपैकी एकानंही लक्ष दिलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या माथ्यावरच घडायचं होतं.

आमच्या घरची रीत सांगते म्हणजे कळेल. मोठं घर अंगणाच्या एका बाजूला. त्यात माझे सासरे आबा, थोरले दीर दादा आणि माझी जाऊ रत्नाक्का. अंगणाच्या दुसऱ्या बाजूला गोठ्याच्या जागेवर उठवलेली आमची एक खोली आणि पडवी. झोपायला आम्ही इकडं, जेवायला सगळे तिकडं. सासूबाई जाताना आबांचा हात धरून म्हणाल्या होत्या, "पोरं भांडली तर भांडू द्या, पण चूल एक ऱ्हाऊ द्या." त्यांच्या इच्छेला आम्ही मान दिला. विशेषतः भांडायची जी परवानगी मिळाली होती, ती रत्नाक्कानं आणि मी पुरेपूर वापरली. पण चूल एक होती. वाडीत घरोघरी चुली वेगळ्या झाल्या, भावाभावांत भिंती आल्या, एकाच परड्यात दोन कुंपणं झाली. आबांचं घर तेवढं एका चुलीचं राहिलं होतं, आणि आबा त्या चुलीच्या जोरावर गावात मान वर करून चालायचे.

त्या रात्री जेवताना ह्यांनी घास तोंडात असतानाच जाहीर केलं, "आबा, आम्ही स्टोव्ह घेतलाय."

रत्नाक्काच्या हातातली भाकरी तव्यावर जायची ती परातीत पडली. आबांचा घास हातातच राहिला. आमच्याकडं स्टोव्ह म्हणजे एकच, घासलेटचा, पिना मारून भरभर पेटवायचा. शहरात नवराबायको खोली घेतात तेव्हा पहिला तो घेतात.

"कशापायी?" आबांनी विचारलं.

"तसला नाही, आबा. लाकडाचा स्टोव्ह."

"लाकडाचा?" आबा म्हणाले. "मग पेटवल्याव त्यो सोताच जळून न्हाई जायाचा?"

"लाकडाचा म्हणजे... लाकडावर चालणारा. स्टोव्ह लोखंडी. आत लाकूड घालायचं आणि पेटवायचं."

"लाकूड घालायचं आन् पेटवायचं."

"हां."

"त्याला आमच्यात चूल म्हंत्यात."

दादा जेवत होते. दादांचं सगळं बोलणं 'बरं' ह्या एका शब्दात उरकायचं. आत्ताही ते "बरं" म्हणाले, पण कुणाला ते कळलं नाही.

"वेगळी चूल मांडायची हुती तर सरळ सांगायचं," रत्नाक्का परातीकडं बघत म्हणाली. "स्टोव्ह कशाला म्हणायचं? माझ्या हातचं कालवण खारट लागतंय, ते कवापास्नं कळतंय मला."

"अक्का, शेकायला आहे ती," मी म्हटलं. "छबूसाठी. त्यावर आम्ही काही शिजवणार नाही."

"आज न्हाई. उद्या दूध तापवशील. परवा चा. मग भात टाकशील, आन् मग म्हणशील, आता एवढं अंगण वलांडून कोण जातंय!"

खरं सांगायचं तर भात माझ्या मनात नव्हता. चहा मात्र होता. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

आबा उठले, चूळ भरली आणि जाताना म्हणाले, "आणा उद्या. बघतो मी."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून शेगडी उतरली तेव्हा अर्धी वाडी अंगणात. कुणी विचारलं, तिजोरी का? कुणी म्हणालं, गिरणीचं यंत्र असंल. चौघांनी ती आमच्या खोलीत नेऊन कोपऱ्यात फरशीवर मांडली. तेवढ्यात आबा आले. हातात मोठ्या घरातलं पितळेचं पातेलं, सासूबाईंच्या वेळचं. कुणाशी काही न बोलता पुढं झाले आणि पातेलं शेगडीच्या माथ्यावर ठेवलं. एका बोटानं हलवून बघितलं. ते ढिम्म हललं नाही.

"बसलं," आबा म्हणाले.

"काय बसलं?" ह्यांनी विचारलं.

"भांडं बसलं. भांडं बसलं तर चूल. परत न्या."

मी आजवर कज्जे पुष्कळ ऐकलेत, पण एवढ्या झटपट लागलेला निकाल ऐकला नाही. ह्यांनी पुस्तक आणलं. आबांना पान उघडून चित्र दाखवलं. त्या चित्रात शेगडीपुढं एक मडमीण कुत्रं घेऊन बसली होती. आबांनी चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "मग वर ही किटली कुणाची?"

होती खरी. मडमिणीच्या शेगडीवर किटली होती. ह्यांनी पुस्तक मिटलं.

मग मात्र मला राहवलं नाही. छबूला कडेवर घेऊन मी आबांच्या पुढ्यात उभी राहिले. "आबा, चूल म्हणा, स्टोव्ह म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. गेल्या साली हिच्या बरगड्या मोजल्यात तुम्ही. पुन्हा मोजायच्यात का?"

छबूनं हात पसरले. ती आबांना बघितलं की पसरायचीच. आबांनी तिला घेतली. त्या म्हाताऱ्याचा जीव कुठं असेल तर त्या पोरीत होता. एका हातात नात धरून दुसऱ्या हातानं त्यांनी शेगडीवरचं बायकोचं पातेलं उचललं.

"पोरीसाठी आग पेटवा," म्हणाले. "होळी पेटवा, माझं काय म्हणणं न्हाई. पण वर भांडं बसता कामा न्हाई."

आता बोला! अख्ख्या जगात लोक शेगडी निवडताना किती ऊब देते, किती लाकूड खाते हे बघतात. आम्हाला भांडं न बसणारी शेगडी पाहिजे होती. ह्यांना घुमटवाली आठवली. "तरी मी म्हणत होतो," असं म्हणायची संधी ह्यांनी सोडली नाही. पण ती एव्हाना एका हॉटेलवाल्यानं उचलली होती. तेव्हा पाचवडहून गजानन मिस्त्री बोलावला. नळी बसवायचं काम त्याचंच होतं. 'होऊन जाईल' हे त्याचं पालुपद, आणि त्यानं केलेलं काय काय होऊन गेलंय हे तालुक्याला माहीत होतं.

"माथ्यावर खिळे उभे करू का?" मिस्त्री म्हणाला. "भांडं काय, माशी बसायची न्हाई."

"आणि पोरीचा हात पडला म्हणजे?" मी विचारलं.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग आपल्या टेम्पोत चढून त्यानं एक वस्तू काढली. कुठल्याशा देवळाच्या फाटकासाठी केलेली, मापात चुकलेली, म्हणून परत आलेली. चांगला वीतभर लोखंडी कळस.

"ह्यो बसवतो. शेगडी ओतीव बिडाची हाय, बिडाला वेल्डिंग धरत न्हाई. भोक पाडून खालनं नट आवळतो. होऊन जाईल."

आणि होऊन गेला, बाजूला वाटी टेकवायलाही जागा उरली नाही. नळीही झाली. आधी त्यानं ती खिडकीतून आडवी काढून सगळा धूर रत्नाक्काच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं सोडला होता. त्यावरून जे महाभारत झालं ते सांगत बसत नाही. मग पुस्तकात होतं तशी पत्र्यातून सरळ वर काढली, आढ्याच्याही वर. संध्याकाळी आबा पातेलं घेऊन आले. कळसावर ठेवलं, ते कलंडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं. आबांनी समाधानानं मान हलवली.

"न्हाई बसत. पेटवा."

शेगडी सुरेख पेटली. सिल्व्हर ओकच्या वाळक्या ढलप्या आत घातल्या आणि दार लावलं, तर धुराचा वास सुद्धा नाही. खोलीत हळूहळू ऊब पसरली. छबूनं अंगावरचं कुंची-झबलं ओढून काढलं आणि उघड्या अंगानं नाचली. मी त्या दिवशी पदरात तोंड घालून रडले. कुणाला दिसलं नाही ते बरं झालं, नाहीतर त्याचाही अर्थ रत्नाक्कानं लावला असता.

आता कळस म्हटल्यावर पुढचं ओघानं आलंच. बघायला आलेल्या बायका दारात चपला काढायला लागल्या. मंगळवारी बघते तर कळसावर हळदकुंकू. कुणी वाहिलं ते विचारण्यात अर्थ नव्हता, कारण रत्नाक्काच्या बोटांना अजून ते लागलेलं होतं. शेजारच्या कोंडाबाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "कुठली देवी म्हणायची ही? नारळ फोडायचा तर कुठं फोडायचा?"

"पाचवडला," मी म्हटलं. "गजानन मिस्त्रीच्या डोक्यावर."

थंडी वाढली तशी आमच्या खोलीत माणसं वाढली. शेकायला कुणीच येत नव्हतं हो! रत्नाक्का यायची ती पावटा सोलायला, आणि शेगडीकडं पाठ करून बसायची, म्हणजे तोंड दुसरीकडं राहायचं. दादा यायचे ते दोर वळायला. आबा आधी उंबऱ्यावर उभे राहायचे, मग "छबू कुठाय?" करत आत यायचे, आणि छबू झोपली तरी त्यांचं छबूला बघणं संपायचं नाही. काठी ओली झालीय म्हणून ती पण ते शेगडीपाशी वाळवायला ठेवायचे. तीन महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

चहा मात्र मोठ्या घरातून यायचा. अंगण ओलांडून, वारं खात. आमच्यापर्यंत पोचायचा तोवर त्याचं सरबत झालेलं असायचं. रसरसत्या शेगडीशेजारी बसून आबा तो गार चहा फुर्रकन ओढायचे.

"आबा, गरम करून आणू का?" मी विचारायची. "चुलीवर? तिकडच्या?"

"नको. बरा हाय."

"गार झालाय म्हणून म्हटलं."

"म्हटलं न्हवं बरा हाय!"

मग मी कळसाकडं बघायची. आबाही बघायचे.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी पठारावर हिमकण पडले. सकाळी उठले तर स्ट्रॉबेरीचे वाफे पांढरे, गवत पांढरं, आमच्या पत्र्यावर साय आल्यासारखी. आणि छबूचा श्वास वाजत होता. आदल्या दिवशी ती रत्नाक्काच्या मागं अनवाणी अंगणभर हिंडली होती. मी झबलं वर केलं. बरगड्या आत जात होत्या.

"अहो!" मी एवढीच ओरडले. हे आणि दादा तसेच धावत सुटले, दुधाची जीप आणायला. जीप खाली वळणावर उभी असायची आणि थंडीत धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. तोवर काय करायचं हे डॉक्टरांनी गेल्या सालीच सांगून ठेवलं होतं. खोलीत पाणी उकळत ठेवा, हवेत वाफ राहू द्या, पोरीला उभी धरा.

पाणी उकळत ठेवा. कुठं ठेवा?

मोठ्या घरात चुलीचा धूर, पोरीला तिकडं नेता येत नव्हतं, म्हणून रत्नाक्कानं तिथली चूल भडकवली. पातेलं उकळलं की फडक्यात धरून ती अंगणातून धावत यायची. पण त्या थंडीत ते पाणी दारात येईपर्यंतच निपचित पडायचं. थोडी वाफ यायची, संपायची. ती परत पळायची. तिच्या दोन्ही हातांची बोटं पोळली होती, पायात चप्पल नव्हती, आणि सारखं पुटपुटत होती, "आलं गं बाय, आलं, आलं." आबा छबूला खांद्यावर उभी धरून कोपऱ्यात उभे होते. छबू रडत सुद्धा नव्हती. रडायला श्वास लागतो.

पुढ्यात शेगडी धडधडत होती. नुसतं पातेलं टेकवायचा अवकाश. मी रत्नाक्काच्या हातातून ते ओढलं आणि कळसावर दाबून धरलं. ते घसरलं. पुन्हा दाबलं. अर्धं पाणी माथ्यावर सांडलं, चर्र झालं, वाफेचा एक लोट उठला आणि विरला. माझा हात मनगटापर्यंत भाजला. तरी मी तिसऱ्यांदा दाबलं.

"बसत न्हाई गं ते," रत्नाक्का रडत म्हणाली. "बसत न्हाई."

आबांनी छबूला माझ्या खांद्यावर दिलं आणि ते बाहेर गेले. मला आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नसेल. नियम करून ठेवला आणि आता बघवत नाही म्हणून निघाले! मी ओरडणार होते. तेवढ्यात ते परत आले. हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड.

"पोरीला घिऊन लांब हो."

"आबा, बीड आहे," मी म्हटलं. ह्यांचं पुस्तक एवढं तरी माझ्या डोक्यात राहिलं होतं. "ठोकलं तर तडकेल. शेगडीच जाईल."

"तडकंल न्हाई. लांब हो."

त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली, पात्यामागचा बोथट तुंबा पुढं केला आणि आडवा घाव घातला. पहिल्या घावाला कळस वाकला. दुसऱ्या घावाला तुटला, उडाला आणि रत्नाक्काच्या पायापाशी जाऊन गडगडत उंबऱ्याला अडकला. त्यावर अजून हळदकुंकू होतं.

"अगं आई गं!" रत्नाक्का मागं सरली. "आबा, देवाचं..."

"देव न्हाई त्यो. नट हाय. पाणी आण."

पातेलं आबांनी स्वतः ठेवलं. सासूबाईंचंच होतं ते. ह्या वेळी त्यांनी बोट लावून बघितलं नाही. पाण्याला लगेच आधण आलं, मग वाफ पडदा सोडल्यासारखी वर चढली आणि पत्र्यावरून परत खाली उतरली. खिडकीची काच पांढरी झाली. मी छबूला घेऊन त्या वाफेत उभी राहिले. तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि तोंडानं काय काय बोलत होते देवाला ठाऊक. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. एकदम छबू खोकली. भलामोठा, ओला खोकला. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं, ते ऐकून मी, रत्नाक्का आणि आबा तिघंही हसायला लागलो. रडत होतो का हसत होतो, आता आठवत नाही.

जीप आली. मी, हे आणि दादा छबूला घेऊन वाईला गेलो. डॉक्टर म्हणाले, वाफ दिलीत म्हणून निभावलं. दुपारी औषधं घेऊन परत आलो तेव्हा छबू माझ्या मांडीवर शांत झोपली होती. आमच्या खोलीत आबा, रत्नाक्का दोघंही शेगडीपाशीच बसलेले होते. शेगडीवर पातेलं होतं. शेगडी तडकलेली नव्हती. मिस्त्रीनं पाडलेल्या भोकात नटाचा तुकडा तेवढा बुचासारखा बसला होता. गजानन मिस्त्रीच्या हातून आयुष्यात एक गोष्ट नीट झाली, ती ही.

आम्ही बसलो. पहिली रत्नाक्काच बोलली. तिच्या पोटात काही राहत नाही हे एका परीनं बरंच आहे.

"आबा, भांडं बसलं."

"दिसतंय मला."

"म्हंजे आता ही चूल झाली."

आबांनी शेगडीकडं पाहिलं. "झाली."

"मग आत्याबाईंच्या जातानाच्या शब्दाचं वो काय?"

मला वाटलं, आता म्हातारा उठेल, शेगडी बाहेर काढा म्हणेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच म्हणणार नाही, आणि उद्यापासून गावात मान खाली घालून चालेल. पोर जगली होती. तिच्या बदल्यात त्यांची एवढी एकच गोष्ट मोडली होती. हे तर पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाले होते, "आबा, पुन्हा कधी वर भांडं ठेवणार नाही..."

"गप ऱ्हा तू," आबा म्हणाले. मग रत्नाक्काकडं वळले. "शबूद काय हुता तिचा?"

"चूल एक ऱ्हाऊ द्या."

"एक. कंची, ते बोलली हुती का?"

रत्नाक्कानं नाही म्हणून मान हलवली.

"न्हाई ना? मग जा. त्या चुलीतला इस्तू आण हिकडं. सगळा आण. आन् ती चूल सारवून ठिव."

रत्नाक्का उठली. त्या चुलीपुढं तिनं हयात घातली होती. माझ्याशी भांडायला पाठ टेकवायची ती त्याच चुलीच्या कट्ट्याला. ती अंगण ओलांडून गेली आणि घमेल्यात विस्तव घेऊन, पदरानं वारं अडवत परत आली. मी शेगडीचं दार उघडलं. सासूबाईंनी पेटवलेल्या चुलीतला, रोज रात्री राखेत झाकून सकाळी फुंकलेला विस्तव रत्नाक्कानं चिमट्यानं एकेक निखारा उचलून आत ठेवला. आबा तोंड फिरवून भिंतीकडं बघत होते.

"हं," रत्नाक्का हात झटकत म्हणाली. "आन् भाकरीचा तवा? त्यो बसतोय का ह्या तुझ्या मुडद्यावर?"

"बसेल की."

"मग सरक. आन् एक सांगते कुंदा, चूल तुझ्या घरात आली म्हणून तू राणी झालीस असं समजू नको. भाकऱ्या मीच थापनार."

"थापा की. मी काय नको म्हणतेय? मी चहा टाकते."

"बरं," दादा म्हणाले.

छबूला आता स्वतःची पोरं आहेत, ती ही गोष्ट ऐकून मला हसतात, पण अजून आमच्याकडं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो कळस लावतात, आणि अजून रत्नाक्का त्याला ओलांडताना हळूच हात जोडते.

त्या दिवशी भाकऱ्या झाल्या. ताटं वाढली. शेगडीच्या एका बाजूला आबा छबूला मांडीवर घेऊन, दुसऱ्या बाजूला दादा, चुलीपुढं रत्नाक्का ऐसपैस मांडी घालून, तिच्याशेजारी मी, मधे परात, लाकडं, पावट्याचं गाठोडं आणि आबांची कोरडी ठणठणीत काठी. खोली इतकी भरली की श्वास घ्यायचा तर पाळी लावून घ्यावा. हे ताट हातात घेऊन उंबऱ्यावर उभे होते. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कुंदा," हे म्हणाले, "मी कुठं बसू?"

"पुस्तकात बघा," मी म्हटलं.